न वाजलेला भोंगा

शाळेतल्या मुली पाठीमागे तिला ‘ठसका’ म्हणत. मिरची करपली की साऱ्या घराला ठसका लागतो, तसा या बाईंच्या एका प्रश्नाने साऱ्या वर्गाला लागायचा, म्हणून. हे नाव तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. आई मात्र अजून ‘बेबी’च म्हणायची, आणि बेबीचे कानांजवळचे केस पांढरे झाले होते. लग्न तिने केलं नव्हतं. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, “वर्गभर मुली आहेत मला. त्यात आणखी सासूची भर कशाला?”

ती इतिहास शिकवायची. गावाचा इतिहास पाठ्यपुस्तकात जेमतेम पाऊण पान होता. धरण झालं, शेती भिजली, कारखाने आले. मग शेवटी एक वाक्य: ‘महापुराच्या वेळी भोंग्याने इशारा देऊनही खालच्या वस्तीतील रहिवासी हलले नाहीत, त्यामुळे जीवितहानी झाली.’ पूर आला त्या दुपारी ती पाळण्यात होती. हे वाक्य तिने लहानपणी स्वतः पाठ केलं होतं आणि पुढे वर्षानुवर्षं मुलींकडून पाठ करून घेतलं होतं.

एका तासाला मागच्या बाकावरून हात वर आला. “बाई, माझी आजी म्हणते, भोंगा वाजलाच नाही.”

दोघीचौघी हसल्या. दुसरीकडून कुणीतरी म्हणालं, “खालच्या वस्तीतले सगळे तसंच म्हणतात बाई. आमचे बाबा म्हणतात, ते लोक हट्टीच.”

ठसकाने खडू उचलला. मग तिने फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: ‘भोंगा कुणी कुणी ऐकला?’ आणि म्हणाली, “जा. विचारून या. हट्टी माणसांनाही विचारा आणि शहाण्यांनाही.”

झालं, तिथून सगळं सुरू झालं. मुली मोबाइल घेऊन घरोघर फिरल्या. कुणी बेकरीवाल्याचा आवाज आणला, कुणी निवृत्त परिचारिकेचा, कुणी स्वतःच्या आजोबांचा. आजोबा निम्मा वेळ नातीलाच रागावत होते, तेही ठसकाने कापलं नाही. शाळेच्या वेबसाइटवर एक कोपरा रिकामा पडला होता, तिथे तिने हे आवाज लावायला सुरुवात केली. प्रत्येक आवाजाखाली कोण बोललं, कुठे राहत होतं, पुराच्या दुपारी कुठे होतं. सोबत गावाचा जुना नकाशा. पेट्यांच्या तळाशी सापडलेले, ओल लागून डाग पडलेले फोटो. शासकीय अभिलेखागाराने जुनी वर्तमानपत्रं ऑनलाइन ठेवली होती. मुलींना तिने ती उघडून शोधायला शिकवलं. पुरानंतरच्या दिवसांची तीन वर्तमानपत्रं मिळाली आणि तिन्हींत ते भोंग्याचं वाक्य होतं. जसंच्या तसं. काना-मात्रेचाही फरक नाही.

“म्हणजे तीन पुरावे झाले ना बाई?” एकीने विचारलं.

“तीन मुलींच्या वह्यांत एकच चूक सापडली तर मी काय म्हणते?”

“कॉपी!” अख्खा वर्ग ओरडला.

“मग?”

वर्गाला ठसका लागला तो असा.

गावात चर्चा होऊ लागली. वरच्या गावातले लोक दबकत सांगू लागले की हो, आम्हीही काही ऐकलं नव्हतं, पण तेव्हा बोललो नाही. आणि मग मुली खालच्या वस्तीतल्या शिवणवाल्या मावशींकडे गेल्या. गावातल्या निम्म्या मुलींचे गणवेश या मावशींच्या मशीनवरून उतरलेले. पुरात त्यांचा नवरा आणि कडेवरची मुलगी गेली होती. मावशी एरवी त्या दिवसाविषयी चकार शब्द काढत नसत, म्हणून ठसका त्या दिवशी मुलींसोबत स्वतः गेली.

मावशींनी मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि सरळ बोलल्या. पाणी कसं दारातून नाही, मोरीतून आधी आलं. नवरा मुलीला घेऊन माळ्यावर चढला आणि माळाच गेला. त्या स्वतः थोरल्या मुलाला घेऊन कापड आणायला वर बाजारात गेल्या होत्या म्हणून दोघं वाचले. “आणि वर लिहून ठेवलंय, आम्ही हललो नाही. हलायला कुणी सांगितलं होतं? भोंग्याच्या खोलीत माणूस बसलेला होता. हाताशी खटका होता. कोण होता तो, सगळ्या वस्तीला माहितीये.” त्यांनी ठसकाकडे पाहिलं. “पोरी, तुला नाही माहीत?”

“नाही, मावशी.”

“तुझा बाप.”

मोबाइल धरलेल्या मुलीने घाबरून बाईंकडे पाहिलं. थांबवू का, असं डोळ्यांनीच विचारलं. ठसकाने नकारार्थी मान हलवली. “चालू राहू दे. मावशी, पुढे सांगा.”

बाबा धरणावर नोकरीला होते हे तिला माहीत होतं. पण नेमके कुठे, काय करत, हे घरात कधी निघालंच नव्हतं. बाबा जाऊन काही वर्षं झाली होती. कमी बोलणारा, बागेत रमणारा, मुलीच्या वेण्या घालून देणारा बाप. घरात कुकर लागला की ते चप्पल घालून बाहेर पडत. लहानपणी ती आणि दादा यावर हसायचे: बाबा शिट्टीला भितात!

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. आई भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. मग तिने दादाला फोन लावला. दादा दुसऱ्या शहरात त्याच पाटबंधारे खात्यात नोकरीला होता.

“पुसून टाक ते,” दादा म्हणाला. “आजच्या आज.”

“बाकीच्यांचे आवाज लावले, तेव्हा तूच म्हणालास ना, छान काम करतेयस?”

“बाकीच्यांचा बाप वेगळा, आपला वेगळा! अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मेलेल्या माणसाला आता कोर्टात उभं करणार का? मी खात्यात तोंड कसं दाखवू?”

“मावशींनी इतकी वर्षं कसं दाखवलं?”

दादाने फोन ठेवला.

आठ-दहा दिवसांनी शाळेच्या अध्यक्षांनी तिला बोलावलं. अध्यक्षांचे वडील पुराच्या काळी धरणाचे मुख्य अभियंता होते आणि शाळेच्या नव्या सभागृहाला त्यांचंच नाव द्यायचं ठरलं होतं. खोलीत नव्या रंगाचा वास होता. अध्यक्षांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला, आवाज मऊ ठेवला.

“बाई, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण मुलींच्या डोक्यात हे काय भरताय? पुस्तकात आहे ते शिकवा. ते पान वेबसाइटवरून उतरवा, विषय संपला.”

“चुकीचं काय आहे त्यात, ते सांगा. तुमचंही म्हणणं रेकॉर्ड करते आणि शेजारीच लावते.”

“शाळेत राहून शाळेशी वैर बरं नव्हे, बाई.” मऊपणा थोडा ओसरला. “आणि ऐकलंय की आता तुमच्या वडिलांचंच नाव निघालंय. ते अजून लावलेलं दिसत नाही? दुसऱ्याच्या घरावर दगड मारताना हात थरथरत नाही, स्वतःच्या काचेपाशी आला की थांबतो. बरोबर?”

हे तिला लागलं, कारण ते खरं होतं. मावशींचा आवाज मोबाइलमध्येच पडून होता. रोज लावू म्हणत होती आणि रोज काहीतरी दुसरं काम निघत होतं.

ती उठली. चहाला तिने हात लावला नव्हता. “आज संध्याकाळी लावते,” ती म्हणाली. “बघा नक्की.”

घरी येऊन तिने कॉम्प्युटर उघडला. आई मागे येऊन उभी राहिली.

“लावतेयस?”

“हो. आई, तुला नको असेल तर आत्ता सांग. पण तरी मी लावणार आहे, हेही सांगून ठेवते.”

“मला विचारायचं तरी कशाला मग?” आईने खुर्ची ओढली, पदर नीट केला. “माझंही घे. लाव ते यंत्र.”

“आई, अगं—”

“इतक्या मुली गावभर फिरल्या, माझ्या दाराशी एकही आली नाही. मला काय तोंड नाही? लाव म्हणते ना!”

आई बोलली. मध्ये पाणी प्यायला थांबली, बाकी सलग बोलली. त्या दुपारी धरणावर बाहेरून मोठी माणसं पाहणीला आली होती. दरवाजे उघडायची वेळ आली. साहेबांनी, म्हणजे मुख्य अभियंत्यांनी, निरोप दिला, भोंगा वाजवू नका, पाहुण्यांसमोर गोंधळ नको, पाणी खालपर्यंत जाणार नाही. “घरी आले ते भिंतीला टेकून बसले. म्हणाले, ऑर्डर नव्हती. मी म्हटलं, ऑर्डर नव्हती, पण हात होता ना? त्यावर ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. माणूस वाईट नव्हता. मी संसार केला त्यांच्याशी, मला माहितीये. पण हात होता. आणि साहेबाला तोंड होतं. दोन्ही लिहा. एकच लिहाल तर ते खोटं.”

ठसकाने दोन्ही आवाज शेजारी-शेजारी लावले, मावशींचा आणि आईचा. माहितीच्या जागी आईचं नाव लिहिलं आणि पुढे ‘संग्राहिकेची आई’ असंही लिहिलं. मगच तिने कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेबसाइटवरचा तो कोपरा नाहीसा झाला. आठवड्याभरात तिच्याकडचा इतिहासही गेला. नव्या वेळापत्रकात तिच्या नावापुढे ‘हस्तकला’ होतं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, कागद देताना नजर चुकवत म्हणाल्या, “वरून आलंय. माझा काही संबंध नाही.”

“वरून आलं की खाली पूरच येतो, मोठ्या बाई,” ठसका म्हणाली आणि वेळापत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं.

आवाजांच्या मूळ फाइली तिच्याकडे होत्याच. तिने विद्यापीठाच्या प्रादेशिक इतिहासाच्या ऑनलाइन संग्रहाला लिहिलं. तिथल्या प्रमुखांनी व्हिडिओवर बोलून फार कौतुक केलं. संशोधकांना हे सोनं आहे म्हणाले. फक्त एक अडचण होती. आरोप होते, नावं होती, म्हणून हे नोंदणी केलेल्या संशोधकांनाच, पासवर्ड घेऊन ऐकता येईल.

“म्हणजे मावशींची नात ऐकू शकणार नाही?”

“तिने रीतसर अर्ज केला तर—”

“ज्या बाईने बोलून घसा सुकवला, तिच्या नातीने अर्ज करायचा? मग राहू द्या, साहेब. अध्यक्षांनी दार लावलं, तुम्ही कडी घालताय. फरक काय?”

“बाई, तुम्ही फार आडमुठेपणा करताय.”

“शिक्षिका आहे. सवय आहे.”

दोन महिने पत्रं आली-गेली. शेवटी विद्यापीठ एवढं म्हणालं: बोलणाऱ्या प्रत्येकाने पुन्हा लेखी संमती दिली, तर सगळं उघडं ठेवू. हे तिला पटलं. ती घरोघर गेली. बेकरीवाल्याने नको म्हटलं. त्याच्या मुलाचं काम अध्यक्षांच्या हाताखाली होतं. निवृत्त परिचारिकाही मागे सरल्या. ठसकाने कुणालाच गळ घातली नाही. त्यांचे आवाज तिने वेगळे काढून ठेवले आणि घरी येऊन आईवर उगाचच चिडली. दादाने फोन करणं सोडलं होतं ते सोडलंच. आई म्हणायची, येईल कधीतरी. ठसकाला तशी खात्री नव्हती.

संमतीचा कागद घेऊन ती मावशींकडे निघाली, तर मावशीच दारात उभ्या. नातीने त्यांना मोबाइलवर ठसकाच्या आईचं बोलणं ऐकवलं होतं, वेबसाइटवरचा तो कोपरा नाहीसा होण्याआधी मुलींनी ते एकमेकींना पाठवून ठेवलं होतं म्हणे. दोन म्हाताऱ्या एकमेकींसमोर बसल्या. इतकी वर्षं एकाच बाजारात भाजी घेत होत्या, पण कधी बोलल्या नव्हत्या.

“तुमच्या मालकांचं नाव मी मागे घेणार नाही,” मावशी म्हणाल्या.

“घेऊ नका,” आई म्हणाली. “मी कुठे म्हटलं घ्या?”

“मग बरं.”

“मुलीचं नाव काय होतं तुमच्या?”

मावशींनी नाव सांगितलं. आईने ते एकदा स्वतःशी उच्चारलं, आणि मग दोघी बराच वेळ त्या मुलीविषयीच बोलत राहिल्या. दात आले होते का, चालायला लागली होती का. ठसका स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. रडणाऱ्या बायकांतली ती नव्हती, म्हणून तिने उगाचच भांडी घासली.

संग्रह उघडा झाला. सभागृहाला अभियंत्याचं नावही लागलं, थाटात. पाठ्यपुस्तकातलं वाक्य तसंच राहिलं. पण दूरदूरच्या शाळांतून तिला निरोप यायला लागले: आम्ही हे आवाज वर्गात वापरतोय, मुलांना गावाबद्दल विचारायला कसं शिकवायचं ते सांगा. ती प्रत्येकाला लांबलचक उत्तर लिहायची आणि आधी विचारायची की तुमच्या गावात कुणाला हट्टी म्हणतात?

तिच्या हस्तकलेच्या तासाला मुली कधी नव्हे इतक्या वेळेवर येऊ लागल्या. एका दुपारी मोठ्या बाई दारात आल्या. वर्गात टाचणी पडेल तर ऐकू यावी अशी शांतता. मुलींच्या हातात सुया, मांडीवर कापडं, आणि टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून मावशींचा आवाज चाललेला.

“बाई,” मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, “हस्तकलेच्या तासाला इतिहास?”

“शिकवत कुठे आहे? बघा, सगळ्या टाके घालताहेत. हात गुंतलेत, कान मोकळे आहेत.”

“मला वर कळवावं लागेल.”

“कळवा ना,” ठसका म्हणाली. “पण आधी दार लावून घ्या. बाहेरच्या आवाजाने आमच्या मुलींना ऐकू येत नाही.”