गणपतीत चाललेला एकटा सेट

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातून नीट होत नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीने माती उकरावी तसं. पण आमचे हे पोलीस खात्यातून निवृत्त झाले, केसेस सांगायला बसले की थांबत नाहीत, आणि लिहायचं म्हटलं की पेन सापडत नाही. म्हणून मीच वहीत लिहून ठेवते. नावं कोणाची घालायची नाहीत असं यांनी बजावलं आहे. ते पाळलं आहे.

यांच्या बाकीच्या केसेस मी कानांनी ऐकल्या. ही एक डोळ्यांनी पाहिली. आजही तिची आठवण निघाली की हातातलं काम बाजूला राहतं.

हे तेव्हा खाडीकाठच्या एका लहान ठाण्याचे प्रभारी होते. आमचं क्वार्टर ठाण्याच्या मागे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ठाण्याचं सगळं आवार दिसायचं. हजेरी, मुद्देमालाच्या गंजक्या मोटारसायकली, वायरलेसच्या खोलीतला खरखराट, सगळं माझ्या फोडणीच्या आवाजात मिसळलेलं. मी मात्र कधी ठाण्याच्या पायऱ्या चढले नाही. चार माणसांपुढे बोलायला मला जमत नाही.

जवळच्या बंदरातून माल उचलणाऱ्या ट्रक मालकांची एक सोसायटी होती. चाळीसेक ट्रक. बहुतेक मालक स्वतःच ड्रायव्हर. प्रत्येक केबिनमध्ये जुना वायरलेस सेट बसवलेला. गेटवर कोणी यायचं, कुठल्या धक्क्यावर लागायचं, हे सेटवरून कळायचं. पूर्वी सगळ्यांना मिळून एकच चॅनल. एक बोलला की बाकीच्यांनी गप्प बसायचं. मग बंदराने नवी पद्धत आणली. तिला ट्रंकिंग म्हणतात. मला हे यांनी असं समजावलं: आळीत एक नळ होता तिथे पाच नळ आले, आणि कोणता नळ मोकळा आहे ते सांगायला एक बाई उभी केली. ती बाई म्हणजे टॉवर. बटण दाबलं की टॉवर मोकळी लाईन देतो. पण त्यासाठी टॉवरला प्रत्येक सेट ओळखता आला पाहिजे. म्हणून सेटच्या पोटात ज्याचा त्याचा नंबर भरावा लागतो. गणपतीनंतर नव्या पद्धतीचा सेट नसेल त्या ट्रकला गेटच्या आत घेणार नाही, असं बंदराने कळवलं.

नवे सेट परवडणारे नव्हते. तेवढ्यात पनवेलकडून एक सेटवाला आला. जुनेच सेट नव्या पद्धतीचे करून देतो म्हणाला. नंबराची फी बंदरात तोच भरणार, प्रोग्रॅम तोच टाकणार. लॅपटॉप, वायरी, गळ्यात ओळखपत्र. मालकांनी पैसे गोळा करून चेअरमनच्या हातून त्याला दिले. गणपतीच्या तोंडावर त्याने सोसायटीच्या ऑफिससमोर नारळ फोडला आणि एकेका ट्रकमधून बोलून दाखवलं. पलीकडून बंदराच्या रेडिओ रूमचं उत्तर स्वच्छ यायचं. टाळ्या पडल्या. उरलेले पैसे घेऊन सेटवाला गेला आणि ड्रायव्हर गावी गणपती आणायला गेले.

आमच्याकडे गौरी-गणपतीत ट्रक रस्त्यावर दिसत नाही. त्या वर्षीही सगळे ट्रक मैदानात झाकून उभे. चालू होता फक्त एक, चाचांचा. चाचा मुसलमान, खाडीपलीकडच्या गावातले, वयाने सगळ्यांत मोठे. दरवर्षी गणपतीत ते सगळ्यांची पाळी काढायचे आणि ईदला बाकीचे त्यांची काढायचे. लिहिलेलं कुठे नव्हतं, पण चालत आलेलं होतं. त्या दिवसांत चाचांचा सेट एकदाही अडखळला नाही.

विसर्जन झालं, सगळे परतले, सगळ्यांनी सेट सुरू केले, आणि बघता बघता सगळेच्या सगळे मुके झाले. चाचांचासुद्धा. गेटवर रांग लागली आणि आत एकालाही घेईनात.

सेटवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मी तुमच्या डोळ्यांसमोर चालवून दाखवले. आता तुम्ही बटणं पिळून बिघडवलेत."

मग नासकं बोलणं सुरू झालं. सगळे गावी असताना चाचांचा सेट कसा चालला? आपले येताच कसे गेले? त्यात कोणीतरी बातमी आणली की बंदरात सोसायटीच्या नावाने एकच नंबर नोंदवला आहे आणि तो चाचांच्या ट्रकचा आहे. झालं. चाचा सेटवाल्याला सामील, त्यांनीच आपले सेट बिघडवले, असं ठरलं. चेअरमन चार जणांना घेऊन ठाण्यात आले आणि तक्रारीत सेटवाल्याबरोबर चाचांचंही नाव घाला म्हणाले.

यांनी विचारलं, "चाचांना किती वर्षं ओळखता?"

"माझ्या बापाच्या वेळेपासून, साहेब. म्हणून तर जास्त झोंबलं."

ह्यांनी चाचांचं नाव लगेच घातलं नाही, चौकशीत ठेवलं. पण सोसायटीने चाचांना पाळीच्या रांगेतून काढलं.

सेटवाल्याला चौकशीला बोलावलं. तो आला इस्त्रीच्या शर्टात. खिडकी उघडी होती, मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"साहेब, बंदरवाल्यांना लाईन चालू करायला सांगा आणि कुठलाही सेट माझ्यासमोर लावा. चालला नाही तर मिशी उतरवतो."

"कुठलाही?"

"कुठलाही! एकेक करून सगळे लावा ना."

"मग बंद का पडले?"

"ते त्या म्हाताऱ्याला विचारा. नंबर त्याच्या नावावर हाय. मी मजूर माणूस, सांगितलं ते केलं."

हे जेवायला आले तेव्हा कपाळाला आठ्या. "खोटं बोलतोय हे दिसतंय," म्हणाले, "पण जे बोलतोय ते खोटं नाही. नंबर एकच नोंदवलाय, तरी सगळे सेट चालताना लोकांनी पाहिलेत. चालणाऱ्या वस्तूबद्दल फसवणुकीचा गुन्हा कसा उभा करू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांची बायको आली. आगरदांड्याहून फेरीबोटीने आली होती. ठाण्यात जायला घाबरली म्हणून मागच्या दाराने माझ्याकडे. हातात सुकटीची पिशवी. मी म्हटलं, "ही नको, कोणाकडून काही घेतलेलं यांना चालत नाही." तर म्हणाली, "सायबाला न्हाय दिली, तुला दिली. तुझा कुठं शिक्का हाय?" मला हसू आलं. मग ती ओट्याजवळ बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

"वैनी, माझ्या माणसानं आख्खी जिंदगी कोणाची सुई उचलली न्हाय. आता मशिदीत पण मान खाली घालून जातो. म्हणतो ट्रक इकतो न् घरी बसतो."

"पण त्यांचा एकट्याचाच कसा चालला गं?"

"एकटाच व्हता म्हणून चालला!" ती चिडून म्हणाली. "मैदानात दुसरा कोणी सेट लावला व्हता का? आणि ऐक, तो पनवेलवाला तपासत व्हता ना, तेव्हा एकाचा सेट लावला की बाकीच्यांना वरडायचा. बंद ठेवा, बंद ठेवा, न्हायतर प्रोग्रॅम बिघडेल. माझा माणूस बोलला पण, हा काय पानी भरतो का एकेकानं?"

रात्री भात वाढताना मी यांना म्हटलं, "तुमच्या कामात मी बोलत नाही. पण ती बाई एक गोष्ट बोलून गेली." आणि जशी ऐकली तशी सांगितली. यांचा हात ताटातच थांबला. "एकटा होता म्हणून चालला," हे स्वतःशीच दोनदा बोलले. भात तसाच राहिला.

सकाळी ठाण्याच्या वायरलेस हवालदाराला यांनी विचारलं, "दोन गाड्यांच्या सेटमध्ये एकच नंबर भरला तर काय होईल?"

हवालदार म्हणाला, "एक गाडी बंद असेल तर काही होणार नाही, साहेब. दोन्ही चालू झाल्या की टॉवर चक्रावेल. एकच गाडी दोन ठिकाणी कशी? मग चोरीचा सेट समजून रेडिओ रूमवाले तो नंबरच बंद करतील. की दोन्ही मेल्या."

"आणि चाळीस गाड्यांत भरला तर?"

हवालदार हसला. "एका रेशनकार्डावर अख्खा गाव धान्य उचलायला आल्यासारखं होईल."

बंदराच्या रेडिओ रूमनेही तेच सांगितलं. विसर्जनानंतर एकच नंबर गेटवर, मैदानात आणि धक्क्यावर एकदम दिसायला लागला, म्हणून त्यांनी तो तोडला होता. यांनी पत्र देऊन तेवढा नंबर थोड्या वेळासाठी पुन्हा सुरू करून मागितला.

मग सगळे ट्रक ठाण्यापुढच्या मैदानात बोलावले. काय ती गर्दी! मालक, त्यांच्या बायका, चहाची गाडी, दोन पंच, नुसतं बघायला आलेलं अर्धं गाव. चाचा एका टोकाला, आपल्या ट्रकला टेकून उभे. त्यांच्याजवळ कोणी जात नव्हतं. मी खिडकीत होते. मग काय झालं कोण जाणे, चप्पल घातली आणि बाहेर येऊन त्यांच्या बायकोजवळ उभी राहिले.

सेटवाला ऐटीत म्हणाला, "बोला साहेब, पहिला कुठला लावू?"

हे म्हणाले, "एकेक नाही. सगळे लावायचे. एकदम."

त्याची मान खाली गेली ती मी पाहिली. "साहेब, तसं केलं तर प्रोग्रॅम..."

"बिघडेल. माहीत आहे. मिशी सांभाळ."

सगळ्यांनी सेट सुरू केले. हवालदाराने फोनवरून रेडिओ रूमला सांगितलं, "चाचांच्या नंबरला बोलवा. फक्त त्याच एका नंबरला."

क्षणभर काही नाही. मग चाचांचा सेट वाजला, टीं-टीं, टीं-टीं. आणि त्याच दमात शेजारचा. त्याच्या शेजारचा. सगळं मैदान वाजायला लागलं! कोणी केबिनमधून उडी मारली, कोणी ओरडलं, "आयला, माझा पन वाजतोय!" दुसरा म्हणाला, "अरे, मी कधी चाचा झालो?" लोक हसायला लागले, शिट्ट्या पडल्या. ह्यांनी पंचांना एकेका केबिनपाशी नेऊन वाजणारा सेट दाखवला आणि तिथेच बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहून घेतला.

यांनी सेटवाल्याला सगळ्यांसमोर एकच प्रश्न विचारला. "चाचांना यातलं काय माहीत होतं?"

तो पुटपुटला, "काही न्हाय, साहेब. त्यांची गाडी रांगेत पहिली होती. त्यांचा एक नंबर खरा काढला न् तोच सगळ्यांत उतरवला. बाकीच्यांची फी... माझ्याकडं राहिली."

"मोठ्याने बोल. पाठीमागे ऐकू गेलं नाही."

त्याने पुन्हा सांगितलं. चाचांच्या बायकोने माझा दंड एवढा आवळला की संध्याकाळपर्यंत वळ होता. चाचा मात्र केबिनमध्ये चढले, वाजणारा सेट बंद केला आणि तिथेच बसून राहिले. चेअरमन दरवाजापाशी गेले, वर बघत हात जोडून उभे राहिले. चाचा म्हणाले, "उन्हात काय उभा ऱ्हातोस? वर ये."

गुन्हा दाखल झाला, सेटवाल्याला अटक झाली. रेडिओ रूमने प्रत्येक सेटचा वेगळा नंबर नोंदवून दिला, हवालदाराच्या ओळखीच्या एका माहितगाराने तो त्या त्या सेटमध्ये भरला. सेट तेच, जुनेच. ज्या दिवशी सगळे ट्रक एकदम सुरू करूनही सगळे बोलत राहिले, त्या दिवशी ठाण्यात पेढ्यांचा एवढा मोठा पुडा आला की पुढचे दोन दिवस प्रत्येक तक्रारदाराला तोंड गोड करूनच बाकावर बसवलं.

या केसने काय शिकवलं, असं मी यांना परवा विचारलं. हे म्हणाले, "आम्हाला शिकवलेलं असतं की प्रत्येकाला वेगळं घ्या, वेगळं विचारा, म्हणजे खोटं फुटतं. इथे एकेकाला घेतलं असतं तर जन्मभर सगळं खरंच निघालं असतं. ते खोटं सगळ्यांना एकत्र उभं केल्यावर दिसलं. आणि दुसरं, सगळे बंद असताना जो एकटा चालतो त्याच्यावर संशय घेणं फार सोपं असतं. मीही घेतला होता." मी मनात म्हटलं, हे मात्र तुम्ही आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

सेटवाल्याने कोर्टात पैसे परत करायची तयारी दाखवली. तुकड्यातुकड्याने देत राहिला, मध्ये टाळाटाळही केली. ह्यांनी पाठ सोडली नाही. शेवटचा भाग आला तेव्हा सोसायटीच्या ऑफिसात वाटप झालं. हे मलाही घेऊन गेले, आणि मी गेले. चेअरमननी सगळ्यांचे दिले आणि चाचांचे शेवटी ठेवले. उठून त्यांच्यापुढे गेले आणि दोन्ही हातांनी पाकीट दिलं.

"चाचा, मोजून घ्या."

"तू मोजलंस ना?"

"व्हय."

"मग झालं," म्हणत चाचांनी पाकीट तसंच खिशात टाकलं. सगळ्यांचे पैसे पुरते फिटले.