नंबर बाबांचाच

आमच्या शेजारचा राजेंद्र साळवी हो म्हणण्यात पटाईत, आणि विसरण्यातही. बायकोने कोथिंबीर सांगितली तर मिरच्या आणेल आणि वर तोंडभर हसेल. मूळचा पोलादपूरकडच्या वाडीतला. महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून लागला आणि बिरवाडीत आमच्या भिंतीला भिंत लावून भाड्याने राहिला. माणूस सोन्यासारखा, पण अशा माणसाचा राग आला की फार येतो.

त्याची आम्रपाली बीएस्सी झाली. घरात एवढं शिकलेली ती पहिलीच. एमएस्सीसाठी विद्यापीठाचा ऑनलाइन अर्ज भरायला बसली तेव्हा राजेंद्र हटून बसला. "नंबर माझा टाक. युनिवर्सिटीचा मेसेज माझ्या फोनवर आला पायजे." पोरीने हसून टाकला. बापाची एवढी एकच हौस, आणि तीच नडली.

त्याच्या कंपनीत फोन आत नेता येत नाही. आत पेट घेणारी रसायनं. म्हणून फोन गेटवरच्या कपाटात ठेवायचा आणि पितळी बिल्ला घेऊन आत जायचं. बिल्ला परत दिल्याशिवाय फोन कोणाच्या बापाला मिळत नाही.

अर्जाला गुणपत्रिका जोडायची राहिली होती. ती हातात पडली तोवर अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला होता. आम्रपालीने सकाळीच बजावलं, "बाबा, आज फोन घरी ठेवा. ओटीपी येईल."

"ठेवतो गो," म्हणाला, आणि सवयीने खिशात टाकून कामावर गेला.

दुपारी पोर धावत गेटवर आली. कपाटात फोन वाजत होता, तिला बाहेर ऐकू येत होता. वॉचमन भागोजी हात जोडून म्हणाला, "बाय, बिल्ला तुझ्या बापाकडं हाय, नि बाप आत रिअ‍ॅक्टरवर. मधेच सोडून त्याला येता येत नाय." रिलिव्हर आला नाही म्हणून राजेंद्र पुढच्या पाळीलाही थांबला. तो बाहेर आला तोवर मुदत संपली होती.

उशिरा आलेले अर्ज विद्यापीठाने घेतले, त्यात आम्रपालीचाही, पण जागा उरल्या तरच विचार होईल, असं सांगून. तेव्हापासून राजेंद्र फोन रोज घरी ठेवू लागला. बैल गेला आणि झोपा केला, म्हटलं मी त्याला तोंडावर. तो हसला नाही. मग माझंच मला वाईट वाटलं.

पोर त्याला एका शब्दाने बोलली नाही, हेच त्याला सोसत नव्हतं. तिने भांडी आपटली असती तर तो सुखाने जेवला असता. ताटात त्याचं आवडतं सुकट आलं तरी दोन घास खाऊन उठायचा. एकदा माझ्याजवळ रडलाच. "शिकायला तिनं जीव काढला, नि माज्याच्यानं एक फोन घरी ठेववला नाय." आम्रपालीला म्हणाला, "अर्जात तुजा नंबर टाक गो आता." तिने मान हलवली. "राहू दे, बाबा."

जागा उरल्या की नाही हे कळायला पावसाळा सरत आला. मैत्रिणी कॉलेजला जाऊ लागल्या होत्या. ही घरात जुनी पुस्तकं उघडून बसायची.

मग एके दिवशी पाळी सुटली आणि राजेंद्र गेटवर आला, तर भागोजीच्या स्टुलावर आम्रपाली बसलेली. हातात त्याचा फोन. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"किती वेळची बसलीय," भागोजी म्हणाला. "तुला आत निरोप धाडतो म्हटलं तर नको म्हणाली. काम होऊ दे म्हणाली."

"बाबा, मेसेज आलाय युनिवर्सिटीचा."

"काय म्हणतात?"

"मी उघडला नाही. तुमच्या फोनवर यायला पाहिजे होता ना? तुम्हीच वाचा."

राजेंद्रने घाईत दोनदा भलतंच उघडलं. मग वाचलं, पुन्हा वाचलं. जागा मिळाली होती. तो गेटच्या खांबाला टेकला आणि हुंदके देत म्हणाला, "पोरी, त्या दिवशी मी तुजं..."

आम्रपालीने स्वतःच्या फोनवर विद्यापीठाचं पान केव्हाच उघडून ठेवलं होतं. डोळे पुसत ती म्हणाली, "ते मागाहून, बाबा. प्रवेश पक्का करायचाय. ओटीपी येईल आता, तेवढा सांगा."

फोन वाजला. राजेंद्रने तो दोन्ही हातांत धरला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला.