फाटकाबाहेर बसणारे मामा

मी मूळची धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीची. शिक्षण झाल्यावर एका छोट्या संस्थेत समुपदेशक म्हणून लागले आणि आठवड्यातून दोनदा धाराशिवच्या तुरुंगात जायला लागले. दारूच्या भरात काहीतरी करून बसलेल्या कैद्यांशी बोलायचं, आणि सुटल्यावर त्यांनी आधी घर न गाठता व्यसनमुक्ती केंद्र गाठावं म्हणून त्यांची तयारी करायची, हे माझं काम. आत दारू मिळत नाही. त्यामुळे चार-सहा महिन्यांत माणूस चांगला दिसायला लागतो. अंग भरतं, हाताची थरथर थांबते. "मॅडम, मला आता आठवणसुद्धा येत न्हाय," असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. सुरुवातीला मला ते खरं वाटायचं.

पहिल्या वर्षी मी सगळ्यात जास्त कष्ट घेतले ते एका गवंड्यासाठी. सुटायच्या आधी मी त्याला एका कागदावर केंद्राचा पत्ता, कुठली बस, कुठं उतरायचं, सगळं मोठ्या अक्षरात लिहून दिलं. सुटला त्या दुपारी मी केंद्रात फोन लावला, तर तो पोचलाच नव्हता. तीन आठवड्यांनी तो मला पुन्हा आतच दिसला. ओठ फाटलेला, नजर खाली. 

मी बाहेर येऊन व्हरांड्यात बसले आणि मला रडू आलं. तिथं ड्यूटीवर असलेल्या एका म्हाताऱ्या हवालदारांनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. सगळे त्यांना मामा म्हणत.

"ताई, तुम्ही कागद दिला ते चांगलंच केलं," ते म्हणाले. "पर इथून स्टँडपत्तूर जायचं तर मधी दारूची तीन दुकानं लागत्यात. तिथं कागद काय करंल? संगं माणूस पायजे."

मी जरा चिडून विचारलं, "मग कोण जाणार संगं?"

मामांनी तांब्या पुन्हा माझ्यापुढं सरकवला. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा पाच महिने उरले होते.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मामा तुरुंगाच्या फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली बसलेले दिसले. अंगात खाकी नव्हती, पांढरा सदरा होता, म्हणून आधी मी ओळखलंच नाही. शेजारी कापडी पिशवी. पिशवीत भाकरी, पाण्याची बाटली, एक धुतलेला शर्ट आणि चपलांचा एक जोड. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "इतकी वर्षं दार उघडून माणसं भाईर सोडली. पुढं ती कुठं गेली ते कधी बघितलं न्हाय. आता येळ हाय, तर बघतो."

मामांची पद्धत अगदी साधी होती. माणूस बाहेर आला की आधी त्याच्या हातात चहा द्यायचा. मग भाकरी. उपदेश काहीच नाही. मी तासभर बोलून जे करू शकत नव्हते ते मामा त्याच्यासोबत नुसतं चालून करत. बसमध्ये त्याला खिडकीकडची जागा द्यायची आणि आपण बाहेरच्या बाजूला बसायचं, एवढीच काय ती सक्ती. सगळेच टिकले असं नाही. काही जण केंद्राच्या दारातून परत फिरले. पण वाटेत हरवणारे कमी झाले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

यातल्या एकाची गोष्ट मला कायम आठवते.

तो ढोकीच्या कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर ड्रायव्हर होता. घर तेरजवळ, मेंढपाळ कुटुंब. एका हंगामात वजनकाट्याच्या रांगेत, पुढं कोणी जायचं यावरून वाद झाला. हा प्यालेला. हातात लोखंडी पाना होता, तो त्यानं दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातावर घातला. त्या माणसाच्या मनगटाचा सांधा कायमचा गेला. याला दीड वर्षाची शिक्षा लागली. आत असताना त्यानं केंद्रात जायचं कबूल केलं होतं, पण केंद्राची एक अट होती. दाखल करताना घरच्या माणसाची सही हवी. त्याच्या बायकोनं तेवढ्या काळात एकदाही तुरुंगात भेटीला पाऊल टाकलं नव्हतं आणि माझे फोनही ती घेत नव्हती.

शिक्षेतल्या माफीचे दिवस धरून त्याची सुटका ठरल्यापेक्षा चार दिवस आधी झाली. मला पत्ताच नव्हता. सकाळी वाशीत घरी चहा घेत होते, तेवढ्यात मामांचा फोन आला.

"ताई, तुमचा ड्रायव्हर सुटला. माझ्याजवळ बसलाय. तुम्ही या. जेवून या, घाई करू नका. मी ह्याला सोडत न्हाय."

मी न जेवताच निघाले. पोचेपर्यंत दीड तास गेला. लिंबाखाली दोघं आरामात बसलेले. मधल्या वेळात मोटारसायकलवरून त्याचे दोन जुने सोबती त्याला न्यायला येऊन गेले होते. मामांनी त्यांना हाकललं नाही. "या की, बसा," म्हणून त्यांनाही चहा पाजला आणि एकेकाला गाव, घर, आई-बापाची तब्येत, शेतात काय पेरलं, असं विचारत बसले. अर्ध्या तासात ते दोघं कंटाळून उठून गेले. सांगताना ड्रायव्हर हसत होता. दीड वर्षात मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

"आता सहीचं काय करायचं?" मी विचारलं.

"तेरला जायचं," मामा म्हणाले. "फोन उचलत न्हाय, तर समोर जाऊन इचारायचं."

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. "मामा, ती न्हाय यायची. म्या लई तरास दिलाय तिला."

"न्हाय म्हणली तर न्हाय. पर इचारायचं तू. मी न्हाय इचारणार."

तेरला उतरलो तेव्हा उन्हं चांगलीच तापली होती. घरी त्याची आई होती, तिनं हातानंच नदीकडची दिशा दाखवली. कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात मेंढ्या चरत होत्या आणि त्याची बायको काठी टेकून उभी होती. किडकिडीत, उन्हानं रापलेली, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असेल. नवऱ्याला पाहून ती जागची हलली नाही. तो पंधरा पावलांवर थांबला.

"मला दवाखान्यात जायचंय," तो म्हणाला. "दारू सोडायला. तुझी सही लागती."

ती त्याच्याकडं न बघता मामांना म्हणाली, "तुमी कोण?"

"तुरुंगात हवालदार होतो, बाई."

"आता तुमी ह्यांना कुठं नेणार? तिथं बांधून ठेवत्यात म्हणं. उपाशी मारत्यात."

मी घाईघाईनं सांगायला लागले की हे केंद्र तसं नाही, तिथं डॉक्टर येतात. तिनं मला मधेच थांबवलं.

"ताई, तुमी चांगल्याच असाल. पर मी बघितल्याशिवाय सही करणार न्हाय. माझा राग हाय त्यांच्यावर, लई हाय. म्हणून काय त्यांना कोणीबी मारावं व्हय?"

मेंढ्या घराकडं वळवून तिनं सासूच्या हाती दिल्या आणि होती त्याच लुगड्यावर निघाली. बसमध्ये नवऱ्यापासून दोन बाकडी सोडून बसली. केंद्र लातूर रस्त्याला होतं. 

तिनं केंद्र जसं तपासलं तसं आमच्या संस्थेच्या पाहणीतही कुणी तपासलं नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन डाळीच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. संडास बघितले. अंगणात धान्य निवडत बसलेल्या एका पेशंटसमोर ती उकिडवी बसली आणि व्यवस्थापकांच्या देखतच विचारलं, "दादा, इथं मारत्यात का?" तो आधी गोंधळला, मग हसून म्हणाला, "न्हाय अक्का. सकाळी लवकर उठिवत्यात, तेवढंच."

झोपायच्या खोलीशी मात्र ती थांबली. दाराला बाहेरून कडी होती.

"ही कशाला?"

व्यवस्थापक म्हणाले, "नवीन माणूस पहिले काही दिवस पळून जायला बघतो. त्याच्याच भल्यासाठी."

"मग तुरुंगच बरा होता की," ती म्हणाली. "तिथून आणलंय त्यांना. परत कोंडायला मी सही करणार न्हाय. जायचं असंल तर जातील. न्हायतर राहतील."

व्यवस्थापक माझ्याकडं बघायला लागले. मला त्यांची बाजूही समजत होती.  मामा पुढं झाले, कडी हातानं हलवून बघितली आणि म्हणाले, "साहेब, पेचकस असंल का?" व्यवस्थापक भला माणूस होता. थोडा विचार करून त्यांनी पेचकस मागवला. मामांनी चष्मा लावून चारही स्क्रू काढले आणि कडी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. मग ती बाई खुर्चीवर बसली आणि एकेक अक्षर गिरवत तिनं सही केली. निघताना ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "जेवत जावा."

पाचव्या दिवशी तो खरंच निघाला होता. हे त्यानं मला फार नंतर सांगितलं. दुपारी सगळे झोपलेले असताना पिशवी घेऊन रस्त्यावर आला आणि थांब्यावर उभा राहिला. दोन बस गेल्या. "दोन्ही येळंला पाय उचलला ताई, पर चढलो न्हाय. ती म्हणली होती ना, जायचं असंल तर जातील म्हणून. म्हणलं, कोण आडवत न्हाय तर मग बघू तरी राहून." चहाच्या वेळेला तो परत आत येऊन बसला होता. कुणाला कळलंही नाही.

तीन महिन्यांनी तो घरी गेला. वाट सरळ नव्हती. पुढच्या दिवाळीत एका लग्नाच्या बैठकीत तो प्याला आणि दोन दिवस घरी गेला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून मामांना फोन केला. मी तेव्हा मामांच्या शेजारीच होते. का प्यालास, किती प्यालास, मामांनी काही विचारलं नाही. "जेवलास का? जेव आधी. मग दोघं जण या," एवढंच. बायको त्याला घेऊन आली आणि तो पुन्हा महिनाभर केंद्रात राहिला. त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. ट्रॅक्टर त्यानं सोडला. बायकोबरोबर मेंढ्यांमागं जातो.

गेल्या उन्हाळ्यात त्यानं मामांना सांगितलं की ज्याचा हात मोडला त्याच्या घरी जायचंय. मामा म्हणाले, "चल." मीही गेले. ढोकीत कारखान्याच्या मागच्या वस्तीत त्याचं घर. तो माणूस बाजेवर बसला होता, वाकडा हात मांडीवर. यानं दारातच चपला काढल्या आणि जे बोलायचं ते उभ्यानं बोलला. फार नाही, चार वाक्यं.

बाजेवरच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माफ केलं असं काय मी म्हणणार न्हाय. स्टेरिंग धरता येत न्हाय मला." थोडं थांबून त्यानं आत हाक मारली, "पाणी आणा गं तिघांना."

आम्ही पाणी प्यालो आणि निघालो. रस्त्यावर आल्यावर ड्रायव्हर रडत होता. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही की समजूत घातली नाही. चालण्याचा वेग तेवढा कमी केला, त्याला सोबत चालता यावं म्हणून. मी त्या दोघांच्या मागून स्टँडपर्यंत गेले.