एका लिटरात वऱ्हाड

प्रवासाला निघताना लोक तिकीट बघतात, कुलूप दोनदा ओढून बघतात. मी स्वतःचं वजन केलं. सोमवारी दुपारी पुण्यात डायलिसिसच्या पलंगावरून उठलो, काट्यावर एकसष्ट किलो भरलो आणि संध्याकाळी अमरावतीच्या गाडीत बसलो. गुरुवारी सकाळी अकोल्याच्या यंत्राला हात द्यायचा होता, कारण अमरावतीत जागा शिल्लक नव्हती. माझ्या मूत्रपिंडांनी माझ्याआधीच निवृत्ती घेतलेली असल्यामुळे प्यालेलं पाणी बाहेर पडायची सोय नाही. ते आधी पायांत उतरतं, मग तोंडावर चढतं आणि शेवटी छातीत मुक्काम करतं. म्हणून दिवसाला एक लिटर. चहा त्यातच, वरण त्यातच, गोळी गिळायचा घोटही त्यातच. प्रत्येक घोट लिहून ठेवायला माझी पत्नी मंगल हिने एक वही दिली होती. मी तीस वर्षं पोस्टात काढली, पण इतक्या काटेकोर नोंदी सरकारनेही कधी मागितल्या नव्हत्या.

निमित्त मंगलच्या भावाच्या, प्रभाकरच्या वास्तुशांतीचं होतं. घर राजापेठेत, पुढे दुचाकींची जत्रा आणि डाव्या-उजव्या अंगाला शिकवणी वर्ग. ऊन असं की रिक्षातून उतरताना दांड्याला हात लागला आणि मी ओरडलो. नळ कधी येईल याचा नेम नसल्याने नव्या घराच्या न्हाणीत, जिन्याखाली आणि देवघराशेजारी पिंपं भरून ठेवलेली. वास्तुपुरुषाला कुठे बसवलं असेल कोण जाणे. एवढी टंचाई, तरी चप्पल काढायच्या आत प्रभाकर गडवा (तांब्या) घेऊन हजर.

"भाऊजी, पानी घ्या जी."

"मला फार चालत नाही. डायलिसिस आहे ना."

"काहून (का) चालत नाही? बरं, राहू द्या. मंग पन्हं घ्या."

"तेही पाणीच झालं."

"पानी कोठी (कुठे) देऊन राह्यलो तुमाले? हे तं पन्हं हाय!"

वऱ्हाडचं पदार्थविज्ञान मला तिथे कळलं. पाणी म्हणजे फक्त माठातलं पाणी. चहा म्हणजे स्वागत, पन्हं म्हणजे औषध, ताक म्हणजे जेवण आणि टरबूज तर फळच. मी पाणी पीत नाही हे कळल्यावर सगळ्यांना इतकी दया आली की दुपारपर्यंत ही चारही मला मिळाली. नंतर गिला वडा (दह्यात बुडवलेला वडा) आला. तो खाद्य की पेय यावर मंगलचं आणि प्रभाकरचं भांडण जुंपलं. शेवटी वहीत मी 'वडा, अंदाजे शंभर मिली' असं लिहिलं. ठेच्याची नोंद करायची नव्हती, पण त्याने जी तहान लावली तिच्यासाठी वेगळी वही लागली असती.

बुधवारी सकाळी प्रभाकर मला वलगावला त्याची संत्र्याची बाग दाखवायला घेऊन गेला. पोटॅशियममुळे संत्रं मला वर्ज्य, आणि बागेत दाखवण्यासारख्या वाळक्या फांद्याच होत्या, त्यामुळे दोघांचीही अडचण झाली नाही. पारावर बसलो तर एकाने पेला पुढे केला. मी खिशातून वही काढली आणि सवयीने विचारलं, "यात किती पाणी मावतं?"

एवढंच पुरे झालं. दुष्काळाच्या त्या वर्षांत वऱ्हाडात स्वच्छ सदरा घालून वहीत लिहिणारा माणूस सरकारी पाहणी पथकातलाच असायचा. पाच मिनिटांत पारावर माणसं जमली.

"साहेब दिल्लीचे का मुंबईचे?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"पुण्याचा."

"मंग तं लयच वरचे असान. लिवा, आमची विहीर साठ फूट, खाली निस्ता गोटा."

मी पथकातला नाही, असं तीनदा सांगितलं. हातातला पेला मी खाली ठेवला तेव्हा मात्र त्यांची खात्रीच पटली. म्हातारा शांतपणे शेजाऱ्याला म्हणाला, "पथकवालेच हायत. गावचं पानी घेत नाहीत हे लोक." आणि त्याने दुकानातून माझ्यासाठी सीलबंद बाटली मागवली. ज्यांच्या विहिरीत खडक लागला होता ते मला पाणी विकत आणून पाजत होते. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. मी विहिरीची खोली वहीत लिहून घेतली. त्या म्हाताऱ्याने ती इतक्यांना सांगितली होती की त्याला ती पाठ झाली होती.

'गावचं पानी घेत नाहीत' हे पारावरचं वाक्य डोक्यात घेऊनच मी एकटा एसटीने अकोल्याला निघालो. मंगल भावाकडे राहिली. वाटेत मूर्तिजापूरला उतरून रशीदभाईंना भेटायचं होतं. या भेटीची मला आजाराहून जास्त धास्ती होती.

तीस वर्षांपूर्वी माझी पहिली नेमणूक मूर्तिजापूरच्या पोस्टात झाली, तेव्हा समोर रशीदभाईंचं गादीचं दुकान होतं. पहिल्याच दिवशी त्यांच्या आईने, अम्मीने, मला घरात बोलावून पाणी पुढे केलं. मी पुण्याच्या आमच्या सोवळ्या घरातून थेट आलेलो. मुसलमानाच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही शिकवण अजून ओली होती. मी म्हणालो, "डॉक्टरांनी बाहेरचं पाणी बंद केलंय." नसलेला डॉक्टर मी दोन वर्षं सांभाळला. पुढे माझं सोवळं केव्हाच सुटलं, रशीदभाई दर वर्षी ईदला पत्र लिहीत राहिले, पण त्या घरचं पाणी मी कधीच प्यालो नाही.

रशीदभाईंचे केस पिकले होते. दुकानात सरकी काढलेल्या कापसाचे ढीग होते आणि गिऱ्हाईक नव्हतं. कापूस पिकवणाऱ्या मुलखात गादी भरून घ्यायची ऐपत कोणाची उरली नव्हती. ऐंशी पार केलेली अम्मी भिंतीला धरत आतून आली. तिच्या हातात काठोकाठ भरलेला पेला होता.

"ले बेटा. टँकर आज सकाळीच येऊन गेला. ताजं हाय."

वहीप्रमाणे माझ्या वाट्याचे दीडशे मिली उरले होते. पेला तीनशेचा असावा. 'डॉक्टरांनी बंद केलंय' हे शब्द जिभेवर आले आणि मी तोंड मिटलं. आता डॉक्टर खरा होता, बंदी खरी होती, पण वाक्य तेच होतं. मी पेला घेतला आणि एका दमात संपवला. खरं सांगतो, वाळ्याचा वास असलेलं इतकं गोड पाणी मी आयुष्यात प्यालो नाही. पण वऱ्हाडात रिकामा पेला म्हणजे भरायचा पेला, हे मी विसरलो. अम्मीने तो पुन्हा भरला, मग गुलाबाच्या सरबताने भरला. तिचा चेहरा बघून मी तीनही प्यालो. पोस्टातली शिस्त अशी की एसटीत बसल्यावर वहीत लिहिलंच: 'अम्मी, तीन पेले, नऊशे.'

अकोल्याच्या लॉजवर ती रात्र मी उशीला टेकून बसूनच काढली, कारण आडवं झालं की श्वास लागत होता. सकाळी काट्याने चौसष्ट किलो आठशे दाखवले. यंत्र लावणारी मुलगी अकोल्याचीच होती.

"काका, विहीर पिऊन आले का?"

जवळजवळ चार किलो पाणी चार तासांत ओढायचं होतं. दुसऱ्या तासाला जांभया सुरू झाल्या, मग मळमळ, मग पोटरीत असा गोळा आला की मी आईचं नाव घेतलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्तदाब घसरला होता. तिने पाय वर केले आणि सलाईन सोडलं. काल प्यालेलं काढायला आलो होतो आणि आता नळीतून वर पाजत होते. मला त्याही अवस्थेत ते फार सरकारी वाटलं. पण भीती खरी होती. मंगलला राजापेठेत सोडून मी इथे एका अनोळखी खोलीत मरणार, असं स्पष्ट वाटलं.

मुलीने वही उघडून शेवटचा लिहिलेला फोन नंबर लावला. तो रशीदभाईंचा होता, काल निघताना त्यांनीच लिहून दिलेला. यंत्र थांबायच्या आत ते मूर्तिजापूरहून येऊन पोचले. पलंगाशी बसून त्यांनी वही वाचली आणि नऊशेपाशी थांबले.

"लेलेसाहेब, मालूम होतं तं इतकं पानी पेले कायले (कशाला)?"

मला रडू आलं. तीस वर्षांपूर्वीचं खोटं मी त्यांना तिथेच सांगून टाकलं. दुपारी त्यांनी मला धरून एसटीत बसवलं आणि मूर्तिजापूरला घरी नेलं. अम्मीला सगळं त्यांनीच सांगितलं.

अम्मी माझ्याजवळ खाली बसली. "तवा खोटं बोलला, ते मले तवाच मालूम होतं. आता खरं होतं तं सांगाचं न बेटा."

"वाटलं, तुम्ही मानणार नाही."

"मानलं असतं. तवाबी मानलंच होतं न."

मग ती उठली, माठावर झाकण ठेवलं आणि पेला पालथा घातला. "आज तुले या घरात पानी भेटत नाही," म्हणाली. रशीदभाईंनी नव्या कापसाची गादी आणून अंथरली आणि मी तिच्यावर दोन तास गाढ झोपलो.

पुण्याला परतलो तेव्हा मंगलने वही तपासायला घेतली. बुधवारच्या नऊशेवर बोलणी खाऊन झाली. पुढे गुरुवारच्या पानावर लिहिलं होतं: 'मूर्तिजापूर, अम्मी, शून्य.'

"एवढ्या उन्हात पुन्हा गेलात आणि पाणीसुद्धा विचारलं नाही?" ती म्हणाली.

"नाही विचारलं," मी म्हणालो, "माझंच घर आहे ते."