त्यांची एकही कविता

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीसमोर केनियाचे एक कवी राहतात. शिकायला पुण्यात आले आणि इथलेच झाले. आता मराठीतही लिहितात. दर रविवारी सकाळी त्यांच्या गच्चीवर आम्ही दहा-बाराजण कविता वाचायला जमायचो. कॉलेजच्या पोरांनाही ते अहो-जाहो करत, पण वाहवा कुणाचीच करत नसत. मला एकदा म्हणाले, "अहो, शेवटची ओळ टाळ्यांसाठी लिहिलीत. काढा." मी काढली, आणि कविता सुधारली. माझा अख्खा संग्रह असाच त्यांच्या नजरेखालून गेलाय.

त्यांचा नियम एकच होता. आपली कविता वाचण्याआधी तिथल्याच दुसऱ्या कुणाची तरी पाठ म्हणायची.

घरमालकाने गच्चीला कुलूप लावलं, तेव्हा त्यांनी आमच्या सोसायटीचा हॉल मागितला. मी सेक्रेटरी. मीटिंगमध्ये अध्यक्ष म्हणाले, "असले लोक आत नकोत. तुमच्या ओळखीचे आहेत का हो?"

"येता-जाता दिसतात," मी म्हणालो. नकाराच्या पत्रावर सही माझीच होती.

पुढच्या रविवारी आम्ही बागेत बसलो. पत्राचा विषय त्यांनी काढलाच नाही. नियमाप्रमाणे त्यांनी माझी कविता म्हटली, एक शब्द न चुकता. मग म्हणाले, "आता तुम्ही, सेक्रेटरीसाहेब."

आज तरी त्यांची कविता म्हणावी म्हणून मी तोंड उघडलं. तीन वर्षं मी इतरांच्याच म्हणत आलो होतो. त्यांची एकही मला पाठ नव्हती.