हळू चालणारा ढालवाला

तिला घरात भिंगरी म्हणत. लहानपणी पडलेलं नाव तिशी ओलांडली तरी सुटलं नव्हतं, आणि ते सुटावं असं तिने काही केलंही नव्हतं. बसली तर पाय हले. उभी राहिली तर टाच आपटे. दात घासताना ती घरभर फिरे. आई म्हणायची, "ही पोटात असताना मी नऊ महिने धावत होते, बसल्या जागी."

नोकरी मात्र बसूनच करायची होती. गल्लीच्या टोकाला, एका जिन्याखालच्या लांबट खोलीत ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर मापं पाठवत. मापावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर गुलाबी मेण, मेणात एकेक दात. खोलीत दोन टेबलं, दोन दिवे, एक छोटी ज्योत आणि सगळीकडे पांढरी धूळ. दुसऱ्या टेबलावर मास्तर बसत. त्यांना या कामात तीस वर्षं झाली होती आणि अजून एका दातासाठी ते पंधरा मिनिटं घेत. भिंगरीला पाच पुरत. तिची कवळी चुकत नाही, हे मास्तर कबूल करत. कबूल करताना तोंड आंबट होई, एवढंच.

खोलीत दिवसभर विषय एकच. भिंगरीचा खेळ.

अकरा वर्षं ती एकच ऑनलाइन खेळ खेळत होती. हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच जगात हिंडतात, तसला. प्रत्येकाची एक भूमिका. कुणी ढाल घेऊन पुढे राहतो आणि मार खातो. कुणी मागून बाण मारतो, कुणी जादू करतो. भिंगरी वैद्य होती. खेळात ती लांब दाढीचा म्हातारा व्हायची, डोक्यावर पांढऱ्या पिसांची टोपी. सगळ्यांच्या मागे उभं राहायचं आणि मरणाऱ्याला मरू द्यायचं नाही. मास्तरांनी तो खेळ जन्मात पाहिला नव्हता. पण तिची मतं त्यांना तोंडपाठ होती.

"वैद्याची कदर कुणाला नाही, मास्तर. सगळे जगले तर ढालवाला शूर. एक मेला की वैद्य कुठे झोपला होता?"

"कवळीचंही तेच. बसली तर डॉक्टर हुशार. टोचली की फोन आपल्याला."

"आणि पूर्वी राक्षसाच्या खाणीपर्यंत चालत जावं लागायचं. चाळीस मिनिटं. आता बटण दाबलं की थेट दारात."

"मग तुझ्यासारखीचं बरंच झालं की."

"काय बरं झालं? त्या चाळीस मिनिटांत माणसं बोलायची. एका बाईने चालता चालता मला तिच्या घटस्फोटाची अख्खी हकिगत सांगितली होती. आता चार अनोळखी माणसं एकत्र ढकलतात. बारा मिनिटांत राक्षस मारायचा आणि गायब. जाताना 'येतो' म्हणायची पद्धत राहिली नाही."

"तू म्हणतेस?"

"काय?"

"येतो."

भिंगरीने सुरी ज्योतीवर धरली. "मला वेळ कुठे असतो," ती म्हणाली.

तिचं सगळ्यात कडक मत होतं काढण्याच्या बटणाबद्दल. चौघांच्या टोळीत एखादा नकोसा झाला, तर कुणीही त्याला काढायचं सुचवू शकतो. मग बाकीच्यांसमोर चौकट येते: याला काढायचं? हो, नाही. सुचवणाऱ्याचं धरून दोन 'हो' झाले की माणूस बाहेर. कारण नाही, निरोप नाही. भिंगरीच्या मते खेळ नासला तो या बटणाने. नवा माणूस चुकणारच. त्याला चुकायला जागा ठेवली नाही, तर उद्या खेळणार कोण? तिने खेळाडूंच्या ऑनलाइन फलकावर याबद्दल लांबलचक लेख लिहिला होता. हजारो लोकांनी तो वाचला. मास्तरांनी तो दोनदा ऐकला होता, आईने बरेच वेळा.

एकच माणूस ऐकत नसे. तिचे बाबा.

बाबांनी पस्तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली. मग गुडघा गेला, बदलून घेतला, आणि ते घरी बसले. बसले म्हणजे खरंच बसले. खिडकीशी, खुर्चीत, हात मांडीवर. भिंगरीला ते बघवत नसे. "खेळून तर बघा," ती म्हणायची. "जग बघाल घरबसल्या."

"घाम येत नाही तो कसला खेळ," बाबा म्हणत, आणि रस्त्याकडे बघत.

त्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत भिंगरीने साचे बाजूला सारले आणि लॅपटॉप उघडला. मास्तर डबा घेऊन जिन्यावर गेले होते. रांगेत नाव लागलं, टोळी जमली, निळ्या दिव्यांची दगडी खाण समोर आली. सुट्टीतली सतरा मिनिटं उरली होती.

ढालवाला हळू होता. हळू म्हणजे किती, तर तो प्रत्येक वळणावर थांबायचा. थांबून पूर्ण मागे वळायचा. सगळे जवळ आले की मग पुन्हा पुढे. तेवढ्यात मागून राक्षसाची पिल्लं त्याला चावायची. भिंगरीने त्याला दोनदा मरता मरता वाचवलं. तिसऱ्या वळणावर तो पुन्हा थांबला. जादूगार कुठेतरी पेटी उघडायला गेला होता आणि हा त्याची वाट बघत उभा.

"झोपला का हा?" तिरंदाजाने लिहिलं. "काढा."

चौकट आली. भिंगरीने 'हो' दाबलं. चौकटीतलं नाव तिने वाचलंही नाही. अर्ध्या मिनिटात दुसरा ढालवाला आला. नऊ मिनिटांत राक्षस मेला. तिने घाईघाईत चार घास खाल्ले आणि दुपारच्या कामाला लागली. मनाला काही लागलं नाही. लागण्यासारखं काही घडलंय असं तिला वाटलंच नव्हतं.

संध्याकाळी ताटं मांडताना आई म्हणाली, "आज तुझ्या बाबांना हाकलून दिलं."

"कुठून?"

"त्यांनाच विचार. म्हातारपणी थेरं सुचतात एकेकाला."

बाबा ताटाकडे बघत होते. "तीन आठवडे शिकत होतो," ते म्हणाले. "तुझ्या जुन्या लॅपटॉपवर. आईला शपथ घातली होती. चांगलं जमलं की एक दिवस एकदम तुझ्यासमोर येऊन उभा राहणार होतो."

भिंगरी आनंदाने ओरडलीच. "बाबा! काय घेतलंत?"

"ढालवाला. पुढे चालायचं, मागच्यांना सांभाळून न्यायचं. म्हटलं, हे तर आपलंच काम. पण गंमत बघ, वळणावर आरशात बघायची सवय माझी. तिथे आरसा नाही. मग मी अख्खाच मागे वळायचो."

तिचा घास हातातच राहिला.

"कुठे गेला होतात?"

"दगडी खाण आहे ती. निळ्या दिव्यांची. एक माणूस मागे राहिला होता, म्हणून थांबलो. तर मलाच काढलं." ते थोडं हसले. "वैद्य मात्र गुणी होता. दाढीवाला, पिसांची टोपी. दोनदा वाचवलं त्याने मला. मी नंतर नियम वाचला. दोघांचं 'हो' पुरतं म्हणे. तिरंदाज आणि तो जादूगार असणार. वैद्य 'नाही'च म्हणाला असेल."

"कशावरून?" आईने विचारलं.

"अगं, दोनदा वाचवलेल्या माणसाला कोण बाहेर काढेल?"

भिंगरी पाणी प्यायली. मग उठून पुन्हा पाणी आणलं.

"मग आता?" तिने विचारलं.

"आता काही नाही. ठेवून दिला तो लॅपटॉप. माणसं खरी असतात ना तिथे? मग त्यांचंही बरोबर असेल. आपल्यापायी कुणाचा खोळंबा नको." पस्तीस वर्षांत त्यांची गाडी जेवढ्या वेळा उशिरा पोचली, ते सगळे दिवस त्यांना तारखेनिशी आठवत. "त्या वैद्याचं नाव बघायचं तेवढं राहिलं. त्याच्याबरोबर गेलो असतो पुन्हा."

बुधवारी बाबा खिडकीशी होते. गुरुवारीही. भिंगरी कामावरून आली की आधी त्यांच्या मांडीकडे बघे. लॅपटॉप नसे. हातच असत.

शुक्रवारी तिने एका कवळीत उजवा सुळा डावीकडे बसवला. अकरा वर्षं खेळात आणि नऊ वर्षं कामात तिच्याकडून असं झालं नव्हतं. मास्तरांनी कवळी दिव्याखाली धरली. "पेशंट आरशात बघून बोलणार आहे का?" ते म्हणाले. मग कवळी खाली ठेवली. "काय झालंय तुला? तीन दिवस झाले, खेळाचं अवाक्षर नाही. मला करमेनासं झालंय."

तिने सांगितलं. उभं राहून, दोन टेबलांच्या मधल्या तीन पावलांच्या जागेत येरझाऱ्या घालत सांगितलं.

"तर मी गप्प बसायचं," ती म्हणाली. "टोपी घालून त्यांच्यासमोर जायचं. तोच वैद्य भेटला म्हणून ते खूश. रोज खेळतील. खिडकी सुटेल."

"मग जा की. कुणाचं नुकसान नाही."

"हो ना."

"मग अडलंय कुठे?"

तिने चुकलेला सुळा उपटून मेण गरम करायला घेतलं. सुट्टीत तिने फलकावरचा आपला लेख उघडला. खाली नव्या नव्या माणसांनी लिहिलं होतं: अगदी बरोबर. मनातलं बोललात. तुमच्यासारखे वैद्य हवेत. तिने लॅपटॉपचं झाकण आपटून बंद केलं. मास्तर दचकले.

रविवारी सकाळी बाबा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून चपला-बूट घासत होते. कुणी कुठे जाणार नसलं, तरी रविवारी सगळ्या घराचे बूट चमकत.

"बाबा, एक सांगायचंय."

"आधी बस."

"नको. तो वैद्य मी होते."

बाबांचा चेहरा असा फुलला की तिला पळून जावंसं वाटलं. "अगं!" ते म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून ओरडले, "ऐकलंस का? तो वैद्य म्हणजे ही! हिने वाचवलं मला! तरी म्हटलं—"

"बाबा, थांबा. 'हो' मी दाबलं."

ब्रश बुटात तसाच राहिला.

"जादूगाराने दाबलं असेल," बाबा म्हणाले.

"त्याची पाळीच आली नाही. तिरंदाजाचं एक, माझं एक. संपलं."

"मी हळू होतो म्हणून?"

"सुट्टी संपत आली होती. मी नावसुद्धा वाचलं नाही. बाबा, मला माहीत असतं तर मी कशाला—"

"माहीत असतं तर दाबलं नसतंस."

"नाहीच!"

"हं." त्यांनी पुन्हा ब्रश चालवला. "म्हणजे दुसऱ्या कुणाचा बाप असता, तर त्याला काढायला तुझी हरकत नव्हती."

आई दारात येऊन उभी राहिली होती. "आणि मला भाजी निवडताना वाचून दाखवायचीस ते काय होतं?" ती म्हणाली. "नव्या माणसाला जागा ठेवा म्हणून? मी डोळे पुसले होते त्या दिवशी."

"तो कांदा होता, आई."

"कांदा कालही होता."

कुणी हसलं नाही. बाबांनी एक बूट संपवला, दुसरा घेतला, तोही संपवला. भिंगरी भिंतीपासून खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. किती वेळा, ते तिलाही सांगता आलं नसतं. शेवटी त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"आण तो लॅपटॉप."

"आपण दोघं जाऊ," ती भरभर म्हणाली. "मी वैद्य म्हणून येते, तुम्हाला एक ओरखडा—"

"तुझ्याबरोबर नाही. तू रांगेत यायचं नाही. इथे बाजूला बसायचं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही."

ती हात मांड्यांखाली दाबून बसली.

तीच खाण निघाली. तीन अनोळखी माणसं. बाबा ढाल घेऊन पुढे झाले. पहिलं वळण, थांबले, मागे वळले. तिला दिसत होतं की डावीकडची पिल्लं आधी मारायला हवीत. तिने ओठ चावला. दुसरं वळण, थांबले. एक बोट उचलून बाबा एकेक कळ शोधत होते, आणि ती कळ कुठे आहे हे तिला डोळे मिटून माहीत होतं.

"चल ना म्हाताऱ्या," पडद्यावर कुणीतरी लिहिलं.

"ओळखलं की लेकाने!" बाबा म्हणाले.

तिने तोंड उघडलं. त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट वर केलं. तिने मिटलं.

तिसऱ्या वळणावर दोघे धावत पुढे निघून गेले. एक तिरंदाज मागे पडला होता. नवा असावा, भिंतीला धडकत येत होता. बाबा वळले आणि त्याच्यासाठी उभे राहिले. ज्याला काढायचं असतं त्याला चौकट दिसत नाही. भिंगरीला ती न दिसताही दिसली. तिने मनात सेकंद मोजले. तिरंदाज दहा पावलांवर आला. पाच पावलांवर आला.

पडदा काळा झाला. मग गावातला चौक आला, विहीर आली, दाणे टिपणाऱ्या कोंबड्या आल्या.

भिंगरीला बाबांकडे बघवेना. ती त्या कोंबड्यांकडे बघत राहिली. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे चोळले, पुन्हा खाली घेतला.

"हे कोण होते?"

"अनोळखी होते, बाबा."

"तू नव्हतीस ना?"

"नाही."

"मग ठीक," बाबा म्हणाले, आणि शोधत शोधत त्यांनी पुन्हा रांगेचं बटण दाबलं.