वॉचमनची मुलगी जिंकून येते

आमच्या करंजाड्यातल्या सोसायटीच्या वॉचमनची ही मुलगी. घरी नेपाळी बोलते, पण शेजारच्या गावातल्या पोरींबरोबर कबड्डी खेळून तिची मराठी पक्की आगरी झालीय. लिफ्ट सोडून जिन्यावर धावण्याचा सराव करते, आमची झोपमोड करते.

रविवारी फायनलची शेवटची चढाई तिची होती. "काका, टेन्शन नको, मी हाय ना!" मला म्हणाली आणि दोघींना बाद करून आली.

गाववाल्यांनी तिला खांद्यावर बसवून गेटपर्यंत आणलं. वडिलांचा हात सवयीने सलामाला उठला. तिने तो हवेतच धरला आणि ट्रॉफी दिली. एवढी मोठी, की दोन्ही हात गुंतले.

तेवढ्यात चेअरमनच्या गाडीचा हॉर्न वाजला. वडील हलले नाहीत.

चेअरमननी खाली उतरून स्वतः गेट उघडलं.